युद्धनौकेवरची जुनी पाकिटे: तिकिटे सोडवावीत की पाकीट तसेच ठेवावे?

शनिवारपेठकर (प्रश्न):
माझे काका १९७० च्या दशकाच्या आरंभी नौदलात ‘विक्रांत’वर होते. वाड्याचा माळा रिकामा करताना त्यांच्या पत्र्याच्या पेटीत, आजीने पुण्याहून त्यांना पाठवलेली आणि त्यांनी घरी धाडलेली पाकिटे सुतळीने बांधलेली सापडली. काहींवर जहाजाचा जांभळा रबरी शिक्का आहे, काहींवर केवळ पोस्टाचा. तिकिटे पाण्यात भिजवून सोडवावीत आणि बाकीचे रद्दीत द्यावे, असे एका परिचितांनी सुचवले. तसे करावे काय? शिवाय जुन्या बाजारात ‘विक्रांत’च्या नावाची पाकिटे विकायला दिसतात, त्यांतली खरी कशी ओळखावीत?

टपालवेडा:
कृपया एकही तिकीट भिजवू नका. त्या काळची नेहमीची तिकिटे आजही ढिगाने मिळतात. दुर्मीळ आहे ती तिकीट, तारखेचा शिक्का, जहाजाचा शिक्का आणि पत्ता यांची एकाच कागदावर पडलेली गाठ. नौदलाच्या जहाजाचा पत्ता फ्लीट मेल ऑफिसमार्फत (जहाजांचे टपाल हाताळणारे नौदलाचे कार्यालय) लिहिला जातो, म्हणजे पाकिटावर जहाजाचे नाव असते, पण ते त्या दिवशी कोठल्या समुद्रात आहे हे नसते. अमेरिकेत १९०८ पासून युद्धनौकांवरच टपाल कार्यालये निघाली आणि शिक्क्यात जहाजाचे नाव येऊ लागले. दुसऱ्या महायुद्धात मात्र तेही गुप्ततेपायी वगळावे लागले. तिथले संग्राहक शिक्क्यांचे प्रकार बारकाईने लावतात, आणि त्यांची संघटना १९३२ पासून आहे. आपल्याकडे या विषयाकडे अजून फारसे कोणी वळत नाही, म्हणूनच आपली पेटी मोलाची आहे.

कॅम्पातला संग्राहक:
खरेखोटेपणाबद्दल लिहितो. प्रथम तारीख पाहावी. जुनी ‘विक्रांत’ ४ मार्च १९६१ रोजी नौदलात दाखल झाली आणि ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली. त्याच नावाची नवी नौका २ सप्टेंबर २०२२ रोजी आली. मधल्या वर्षांतला ‘जहाजावरून आलेला’ शिक्का कोणी दाखवला, तर विक्रेत्याला नमस्कार करून पुढच्या पथारीकडे वळावे. दुसरी खूण पत्त्यात सापडते. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला, त्यामुळे १९७१ च्या शिक्क्याच्या पाकिटावर मूळ हस्ताक्षरात सहा आकडी पिन असेल तर ते नंतर रचलेले आहे असे खुशाल समजावे. तिसरी खूण मला सर्वांत आवडते: बांगलादेशच्या निर्वासितांसाठी १५ नोव्हेंबर १९७१ पासून ३१ मार्च १९७३ पर्यंत बहुतेक देशांतर्गत टपालावर पाच पैशांचे वेगळे तिकीट लावावे लागे. आपल्या आजींनी त्या काळात पाठवलेल्या पाकिटांवर ते शोधा. काही टपालाला सूट होती, म्हणून ते नसणे हा बनावटपणाचा पुरावा नव्हे; असेल, तर मात्र त्या पाकिटाला दुसरा साक्षीदार लागत नाही.

शनिवारपेठकर:
पाहिले. डिसेंबर १९७१ च्या दोन पाकिटांवर नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचे तिकीट आहे आणि पुण्याचा शिक्का दोन्हींवरून गेला आहे. ही पाकिटे ठेवावीत कशी? आणि आजच्या जहाजांची मिळवायची कशी?

टपालवेडा:
शिक्का दोन्ही तिकिटांवरून गेला आहे, याहून चांगली खूण कोणती? आता सुतळी सोडा, कारण तिने कडा कापल्या जातात; टाचण्या काढा, सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. आतले पत्र त्याच पाकिटात राहू द्या. पुण्याच्या पावसाळ्यात कपाटाची भिंतीला टेकलेली बाजू टाळावी. आजच्या जहाजांसाठी सैन्य टपाल सेवेची विशेष पाकिटे निघतात आणि ती संग्राहकांना मिळू शकतात. ती देखणी असतात, परंतु बहुधा कोणी कोणाला लिहिलेली नसतात, म्हणून ती वेगळ्या अल्बममध्ये ठेवावीत. जहाजावर ओळखीचे कोणी असल्यास त्यांना साधे पत्र लिहा आणि उत्तर येऊ द्या. जहाज कोठे आहे हे मात्र विचारू नका.