पॉप-अंडर जाहिरातींतून स्वस्त ट्रॅफिक विकत घ्यावे का?

इतवारीकर
नमस्कार. नागपूरच्या इतवारीत आमचा सावजी मसाल्याचा आणि संत्रा बर्फीचा छोटा व्यवसाय असून गेल्या वर्षी पुतण्याने त्यासाठी संकेतस्थळ तयार करून दिले. दिवसाला तीस-चाळीस लोक येतात, आठवड्याला चार-पाच ऑर्डरी मिळतात. परवा एका एजंटाने १,५०० रुपयांत ५०,००० भेटी मिळवून देण्याची तयारी दाखवली. चौकशी केल्यावर कळले की लोक दुसरेच संकेतस्थळ पाहत असताना त्यांच्या खिडकीमागे आमचे पान आपोआप उघडणार आहे. मला स्वतःला अशा खिडक्यांचा तिटकारा आहे. तरीही हजारातून एक गिऱ्हाईक मिळाले तरी पन्नास ऑर्डरी होतात, हा हिशेब काही डोक्यातून जात नाही. पाककृतींच्या पानांवर ॲडसेन्स, म्हणजे गुगलने लावलेल्या जाहिराती आहेत, तेही उत्पन्न वाढेल असे एजंट म्हणतो. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

धरमपेठकर
आपला हिशेब ‘भेट’ या शब्दापाशीच चुकतो. पान उघडले की भेट मोजली जाते, मग ते कोणी पाहो वा न पाहो. दोन वर्षांपूर्वी मी माझ्या शिकवणी वर्गासाठी हाच उद्योग केला होता. रात्री एक वाजता भेटी मोजणाऱ्या गुगल ॲनालिटिक्सचा, त्या क्षणी किती लोक हजर आहेत ते दाखवणारा पडदा उघडला, तर पावणेतीनशे लोक हजर! आनंदाच्या भरात बायकोला झोपेतून उठवले. सकाळी नीट पाहिले तेव्हा सारे मुखपृष्ठावरच थबकलेले, शुल्काचे पान एकानेही उघडलेले नाही, सरासरी वेळ दोन सेकंद, आणि निम्म्याहून अधिक भेटी व्हिएतनाममधून. तिथली मुले दहावीच्या बीजगणितासाठी नागपूरला येतील, ही आशा मीही धरली नाही. ॲनालिटिक्समध्ये दहा सेकंदांहून अधिक टिकलेले, दुसरे पान उघडणारे किंवा तुम्ही ठरवलेली महत्त्वाची कृती करणारे सेशनच (एका माणसाची एक भेट) ‘गुंतलेले’ धरले जाते. तेवढाच आकडा पाहावा. पैशांपेक्षा मला जास्त लागले ते वेगळेच: त्या महिन्यात खरे पालक कोणत्या पानावरून फोन करत होते, हे त्या गर्दीत कळेनासे झाले. व्हरायटी चौकात वाटलेली पत्रके पुढच्या सिग्नलला रस्त्यावर पडलेली दिसतात, पण निदान ती एकदा हातात तरी घेतली जातात.

वर्धा रोड
ॲडसेन्सच्या बाबतीत तर हा सरळ धोका आहे. भेटी कुठून आणल्या याची जबाबदारी संकेतस्थळाच्या मालकावर असते. अवैध ट्रॅफिकचे उत्पन्न कापले जाते आणि खातेही बंद होऊ शकते. तेव्हा एजंट मदतीला येणार नाही. गंमत अशी की १९९०च्या दशकात ट्रायपॉड या संकेतस्थळ-सेवेसाठी पॉप-अपचा, म्हणजे पानावर आपोआप उघडणाऱ्या जाहिरात-खिडकीचा कोड लिहिणारे ईथन झकरमन सांगतात, एका मोटार कंपनीची जाहिरात अश्लील पानावर झळकल्याने ती चिडली होती, आणि जाहिरात पानापासून वेगळी ठेवण्यासाठी ही युक्ती निघाली. २०१४ साली त्यांनी जाहीर माफीही मागितली. आता पॉप-अंडर बहुधा चोरीचे चित्रपट देणाऱ्या पानांवरून उघडतात, म्हणजे तुमच्या बर्फीचा डबा नेमका तिथेच मांडला जाईल.

इतवारीकर
ॲडसेन्सचे हे मला ठाऊक नव्हते. मग हे विकत तरी कोण घेते?

सीताबर्डी
वरील मतांत थोडी भर घालतो. मोबाइल गेमसारखी फुकट आणि कोणालाही चालणारी वस्तू असेल, तर काहींचे गणित जमते. तुमच्या मसाल्याचे जमणार नाही. इथला माणूस सावजी मसाला दुकानातूनच नेतो. ऑनलाइन मागवणारा बहुधा पुण्या-मुंबईत नोकरीला गेलेला वैदर्भीय असतो, आणि तो स्वतःहून शोधतो. तेच १,५०० रुपये शोधजाहिरातीत (शोध घेणाऱ्याला निकालांसोबत दिसणारी जाहिरात), फक्त त्या दोन शहरांपुरते आणि ‘सावजी मसाला’ एवढ्याच शब्दांवर लावून पाहा. भेटी पन्नास-शंभरच येतील. मात्र त्याआधी पार्सलचा खर्च पहिल्याच पानावर लिहा. मी आत्ता तुमच्या संकेतस्थळावर ऑर्डर द्यायला गेलो, तर तो शेवटच्या पायरीला कळला.