विषय: [मंडळ-यादी] कोंबड्यांची अंडी बंद, टायमर कुणाकडे आहे?

प्रेषक: अंडीवाली वहिनी

मंडळी,
या आठवड्याचीही अंडी-यादी रद्द. ज्यांची पाळी होती त्यांनी कृपया फोन करू नयेत. मी कुणालाही वगळत नाहीये, खुराड्यात अंडंच नाही.

मुद्द्याचं: तो प्लगमध्ये बसणारा टायमर कुणाकडे आहे? स्टेजच्या खोक्यात होता, आता नाही. खुराड्यात दिवा लावायचाय.

---

प्रेषक: खजिनदार
उत्तर: टायमर कुणाकडे आहे?

वहिनी, टायमर स्टेज समितीच्या नावावर आहे. पंख्याचं प्रकरण झाल्यावर आपण ठरवलं होतं की मंडळाच्या वस्तू घरगुती कामाला द्यायच्या नाहीत. इतिवृत्तात आहे.

शिवाय दिव्यानं काय होणार? थंडीमुळे अंडी बंद होतात. छोटा हीटर लावा.

---

प्रेषक: डॉक्टर (प्राण्यांचे)
उत्तर: उत्तर: टायमर कुणाकडे आहे?

हीटर नको! पेंढा, पिसं, धूळ आणि तापलेला हीटर एकत्र आले की आग लागते. दरवर्षी सांगतो, दरवर्षी कुणीतरी लावतंच.

खजिनदार काका, थंडी हे मुख्य कारण नाही. कोंबडीचं अंग मुळात ४१ अंशांच्या आसपास गरम असतं, वर पिसांची रजई. तिला घड्याळ आहे ते उजेडाचं. कवटीतून आत झिरपणारा उजेड मेंदूतल्या पेशींना थेट जाणवतो, तिथून मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीला आणि पुढे अंडाशयाला निरोप जातो. पूर्ण जोमात अंडी द्यायला तिला साधारण १४ ते १६ तास उजेड लागतो. दिवस लहान होत गेला की निरोप थांबतो आणि अंडाशय आक्रसतं.

थंडीचा फटका बसतो तो पाण्यातून. अंड्यात तीन चतुर्थांश पाणीच असतं. भांड्यातलं पाणी गोठलं आणि काही तास प्यायला मिळालं नाही, तरी अंडी घटतात. थंडीत खाणंही वाढतं, तेव्हा दाण्यात काटकसर नको. आणि झडपा घट्ट बंद करू नका. आत दमटपणा साठला की तुरे हिमदंशानं काळे पडतात. वारा अंगावर नको, पण वरून हवा खेळती हवी.

---

प्रेषक: काकू

लहानपणी आमच्याकडे कोंबड्या होत्या. टायमर नव्हता, डॉक्टर नव्हते, तरी थंडीत अंडी मिळायची. एखादी खुडूक झाली (अंडी देणं थांबवून बसून राहिली) की तिला रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, बसवायचं, बाकीच्या देत राहायच्या. आता सगळ्यालाच यंत्र लागतं. आणि असा दिवा लावून अंडी काढली की पोटातला साठा लवकर संपतो, हे मी पक्क्या माणसाकडून ऐकलंय. तिला विश्रांती घेऊ द्या की.

---

प्रेषक: डॉक्टर (प्राण्यांचे)

काकू, विश्रांतीचं म्हणणं पटतं. साठ्याचं नाही. कोंबडीचं डावीकडचं एकच अंडाशय काम करतं, पण त्यात बीजं हजारो असतात. वर्षाला ३०० अंडी देणारी कोंबडीसुद्धा ती आयुष्यात संपवत नाही. दोन-तीन वर्षांनी अंडी कमी होतात ती वयामुळे.

आणि लहानपणीचं म्हणाल तर तिकडे भारतात विषुववृत्त जवळ, दिवस वर्षभर फारसा लहान होत नाही. इथे ५० अक्षांशावर सगळ्यात छोटा दिवस जेमतेम ८ तासांचा असतो. कोंबडी तीच, आकाश वेगळं.

---

प्रेषक: स्टेज समिती

टायमर माझ्याकडे आहे. खोक्यातून कुणी 'नेला' वगैरे नाही, मीच जपून ठेवलाय, कारण गेल्या वेळी त्याच्या खुंट्या तुटून आल्या होत्या. वहिनींना द्यायला हरकत नाही, पण पुढच्या कार्यक्रमाआधी परत हवा. आणि धुऊन नको, नुसता पुसून.

एक सुचवतो, संध्याकाळी पाच ते दहा लावा. रोषणाईचं तेच सेटिंग आहे, बदलावं लागणार नाही.

---

प्रेषक: डॉक्टर (प्राण्यांचे)

सेटिंग बदलावंच लागेल. संध्याकाळी दिवा फट्कन विझला की कोंबड्या जिथे असतील तिथेच अडकतात, अंधारात त्यांना दिसत नाही, दांडीवर चढता येत नाही. उजेड पहाटे वाढवायचा, म्हणजे संध्याकाळ आपोआप मावळते. तोही एकदम नाही, आठवड्याला अर्धा तास. वेळ रोज तीच हवी. मध्येच दिवा बंद पडला तर पिसं झडायला लागू शकतात. म्हणूनच टायमर, हातानं लावण्यात अर्थ नाही.

उजेड मंद चालेल, आतलं दाणा-पाणी नीट दिसेल एवढा. पिवळसर दिवा बरा, तांबूस उजेड कवटीतून जास्त आत जातो. फुटू नये म्हणून टेफ्लॉनचा लेप दिलेले दिवे मिळतात, ते अजिबात नकोत. तापल्यावर त्यांची वाफ पक्ष्यांना मारते.

---

प्रेषक: नवीन सभासद

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितोय. आमच्याकडे दिवा नाही, काहीच नाही, आणि अंडी रोज येताहेत. ऑस्ट्रलॉर्प जातीच्या आहेत. वहिनींच्या कोंबड्यांना कदाचित खाद्य चांगलं मिळत नसेल?

---

प्रेषक: अंडीवाली वहिनी

नवीन सभासद, आपलं स्वागत. खाद्य उत्तम मिळतं.

---

प्रेषक: डॉक्टर (प्राण्यांचे)

तुमच्या या वसंतात जन्मलेल्या तलंगा (तरुण कोंबड्या) असणार. पहिल्या हिवाळ्यात बऱ्याच तलंगा पिसं न झाडता अंडी देत राहतात, जातही चांगली आहे. पुढच्या वर्षी लिहा.

वहिनी, एक विचारायचं राहिलं. तुमच्या कोंबड्यांची पिसं झडताहेत का?

---

प्रेषक: अंडीवाली वहिनी

दोघींची मान उघडी पडलीय. करडी तर भांडून आल्यासारखी दिसते. मला वाटलं माइट्स (अंगावरचे बारीक किडे) झाले.

---

प्रेषक: डॉक्टर (प्राण्यांचे)

माइट्स रात्री दांडीखाली टॉर्च मारून बघून घ्या. पण मानेपासून सुरू झालंय म्हणजे बहुधा पीसगळच. मग दिवा आत्ता नको. पिसं जवळजवळ सगळी प्रथिनांचीच, ती उगवेपर्यंत ८ ते १२ आठवडे जाऊ शकतात, आणि तोवर शरीर अंड्याकडे वळत नाही. खाद्यात प्रथिनं वाढवा. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, लागेल ती खाईल. नवीन पिसं पूर्ण आल्यावर दिव्याचं बघू. तोपर्यंत दिवस मोठा व्हायला लागलेला असेल, कदाचित दिव्याची गरजच पडणार नाही.

---

प्रेषक: खजिनदार

म्हणजे टायमर लागत नाही. मग तो खोक्यात परत ठेवावा आणि वहीत नोंद करावी.

---

प्रेषक: स्टेज समिती

खोक्यात नाही, माझ्याकडेच राहील. खुंट्यांचं वर लिहिलंय.

---

प्रेषक: काकू

मी विश्रांतीचं आधीच म्हटलं होतं.

---

प्रेषक: नवीन सभासद

खाद्याचं सहज विचारलं होतं, वाईट वाटलं असेल तर माफी. आमची अंडी सध्या उरतात. वहिनींची यादी मिळाली तर त्या सगळ्यांना मी देऊ शकेन.

---

प्रेषक: अंडीवाली वहिनी

यादी माझ्याकडेच राहील. अंडी माझ्याकडे आणून द्या, वाटप मी करते. करडीच्या खालून टॉर्च मारून बघितलं, माइट्स नाहीत.