मदत हवी आहे: घसरगुंडीच्या पिवळ्या रंगातलं शिसं

मंडळी, कुपवाड एमआयडीसीत आमचं छोटं फॅब्रिकेशनचं शेड आहे. बागेतले झोपाळे, घसरगुंड्या, सी-सॉ बनवतो. खाली रेड ऑक्साईडचा प्रायमर, वर एनॅमलचे दोन हात, हे वडिलांच्या वेळेपासून असंच चालत आलंय. मागच्या आठवड्यात एका शाळेनं ऑर्डरसोबत रंगातल्या शिशाचा लॅब रिपोर्ट मागितला. आमच्याकडे कुठला असायला!

डबा फिरवून फिरवून बघितला, शिशाबद्दल अक्षर नाही. दुकानदार म्हणतो, "९० पीपीएमचा, म्हणजे दहा लाख भागांत जास्तीत जास्त ९० भाग शिशाचा, नियम घरगुती रंगाला. हा इंडस्ट्रियल, तुम्हाला लागू नाही." नियम २०१६ चा, १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात, आणि नावातच 'घरगुती आणि डेकोरेटिव्ह' आहे. मग घराच्या ग्रिलला जो रंग चालत नाही तो पोरांच्या घसरगुंडीला चालतो होय?

दुरुस्तीला आलेल्या एका सी-सॉच्या दांडीवर बारक्या दातांच्या खुणा आहेत. पिवळा उडून खालचा ऑक्साईड दिसतोय. ते बघितल्यापासून डोकं चालत नाही. पिवळ्या-केशरीत लेड क्रोमेट, म्हणजे शिशाची पिवळी पूड, वापरतात, हळदीत भेसळ करतात तेच. सांगलीकराला यापुढं काय सांगायचं.

बिनशिशाचा पिवळा आणून बघितला. महाग आहेच, शिवाय नीट झाकत नाही, तिसरा हात मारावा लागला. घरच्या रंगात २०२४ ला बिर्ला ओपस ही नवी कंपनी उतरल्यापासून स्कीमवर स्कीम चाललीय, आमच्या डब्यावर मात्र रुपया सुटत नाही.

पावडर कोटिंगचं (रंगाची कोरडी पूड फवारून भट्टीत भाजतात ते) जॉबवर्क मिरजेत विचारलं. थिनरचा वास नाही, कोट एकसारखा. उन्हात इपॉक्सी पावडर भुरभुरते, प्युअर पॉलिएस्टरच घ्या असंही कळलं. पण त्यांची भट्टी नऊ फुटांची, आमची घसरगुंडी अकरा. आणि साईटवर वेल्डिंग केलं की तिथला कोट जळणार. कुणी सगळं नट-बोल्टवर नेलंय का? हलत नाही ना?

टेस्टिंगला सांगली-कोल्हापुरात एनएबीएलची मान्यता असलेली लॅब कुठली? ओला रंग द्यायचा की वाळलेला? निळा-हिरवाही तपासू?

आणि जुन्या मालाचं काय करू? शेडमधली कामाची पोरं ग्राइंडरनं रंग उडवत होती, ते बंद केलं. आता पाणी मारून पॉलिश पेपरनं घासतात. धूळ थांबली, पण ते पिवळं पाणी दोन बादल्या भरून शेडच्या कोपऱ्यात ठेवलंय. गटारात ओतवत नाही. कुठं द्यायचं असतं हे?