ट्रेनिंग कच्चं राहिलं तर चूक कोणाची?

आकाशवेडा: भाच्याचं सीपीएल (कमर्शियल पायलटचं लायसन्स) झालं, उड्डाणाचे २०० तास भरले, आता एटीआर या प्रवासी विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे तेच विमान चालवायचं खास ट्रेनिंग, चालू आहे. परवा फोनवर म्हणाला की मामा, स्टॉलचं (स्पीड कमी पडून पंखांची उचल जाते त्याचं) सिम्युलेटरमधलं, म्हणजे सिममधलं सेशन घाईत उरकलं, इन्स्ट्रक्टरने सही केली आणि मी पण गप्प बसलो. जाम भडकलो मी. पोराने बोलायला नको का?

ढगातला: त्याला फ्लाइट ३४०७ च्या अपघाताचा रिपोर्ट वाचायला द्या. फेब्रुवारी २००९, अमेरिकेत बफेलोजवळ, छोट्या रिजनल कंपनीचं क्यू४०० विमान. स्पीड कमी होत होता, दोघांचंही लक्ष नाही, स्टिक शेकरने (स्टॉल जवळ आला की कंट्रोल कॉलम, म्हणजे दांडा, थरथरवणारी यंत्रणा) हात हलवले तर कॅप्टनने नाक खाली करायचं सोडून कॉलम मागेच ओढला. विमान एका घरावर कोसळलं, विमानातले ४९ आणि घरातला एक, सगळे गेले. स्टिक पुशर (स्टॉलमध्ये कॉलम आपोआप पुढे ढकलून नाक खाली करणारी यंत्रणा) त्याला सिममध्ये कधी करूनच दाखवला नव्हता, नुसतं वर्गात शिकवलेलं.

रनवे२७: म्हणजे कंपनीचीच चूक ना?

ढगातला: अर्धीच. कॅप्टन आधी बऱ्याच चेकराइडमध्ये (उड्डाणाच्या परीक्षांत) नापास झालेला, त्यातलं काही त्याने नोकरीच्या अर्जात लिहिलंच नव्हतं. नंतर तिकडे को-पायलटला पण १५०० तासांचा नियम आला, पण सेसनात, म्हणजे छोट्या ट्रेनिंगच्या विमानात, नुसत्या घिरट्या मारून एटीआरचा स्टॉल कसा कळणार, हे माझं मत हां.

आकाशवेडा: बरं, आता त्याला काय सांगू?

ढगातला: सेशन परत माग म्हणावं, लेखी. चिडतील थोडे, चिडू देत.