ट्रिनिटी पार्ट टू ची खरी डिस्क कुठली घ्यायची? कव्हरवर एक आणि आत भलतंच

गिरगावचा_पक्या
मंडळी जरा मदत पाहिजे. आमच्या मामाला टेरेन्स हिल आणि बड स्पेन्सर या विनोदी वेस्टर्न म्हणजे काउबॉय पिक्चरवाल्या जोडीचं जाम वेड आहे, त्याची साठी येतेय तर म्हटलं ट्रिनिटीचा (हे हिलच्या पात्राचं नाव) दुसरा भाग म्हणजे १९७१ चा 'ट्रिनिटी इज स्टिल माय नेम' डिस्कवर द्यावा, ऑनलाइन कुठेतरी लिंक टाकून नको, हातात धरता येईल असं काहीतरी. मुंबईत फ्लोरा फाउंटनला फुटपाथवर एक डीव्हीडी मिळाली, 'ट्रिनिटी राइड्स अगेन', वर दोघांचे फोटो, विकणारा छातीठोकपणे म्हणाला हाच पार्ट टू. ट्रायल म्हणून मामालाच लावून दिली तर दहा मिनिटांत म्हणतो अरे पक्या यात सर्कस कुठून आली आणि हे दोघं एवढे गंभीर का. वर चित्र पण चौकोनी, कडेला उभा असलेल्या माणसाचं अर्धं नाकच दिसतंय. आता सांगा, (१) हा आहे तरी कुठला पिक्चर (२) खरा कुठला घेऊ (३) बाहेरून मागवला तर इथल्या प्लेअरवर चालेल का. इटालियन आवाजातला घ्यावा की इंग्लिश यावर पण बोला, घरी त्यावरून वाद चालू आहे.

सोडावॉटर_बाटली
सर्कस म्हटल्यावर विषयच संपला, तो 'बूट हिल' आहे, १९६९ चा. ज्युझेप्पे कोलिझ्झी नावाच्या दिग्दर्शकाने या दोघांना घेऊन तीन वेस्टर्न काढले, १९६७ चा 'गॉड फरगिव्ज... आय डोन्ट', मग 'एस हाय' आणि तिसरा हा. त्यात हिल ट्रिनिटी नाहीच, त्याचं नाव कॅट स्टीव्हन्स आहे (त्याच नावाचा गायक नव्हे 😄). मग १९७० मध्ये एन्झो बार्बोनीने 'दे कॉल मी ट्रिनिटी' काढला, तो तुफान चालला, आणि वितरकांनी काय केलं, हिलचे जुने पिक्चर बाहेर काढून नवीन नावाने परत विकायला घेतले. 'ट्रिनिटी सीज रेड' पण त्यातलाच, त्याचा ट्रिनिटीशी काडीचा संबंध नाही. म्हणून नावावर जाऊच नका, कव्हरच्या मागे बारीक अक्षरात दिग्दर्शक बघा. ई. बी. क्लूचर असं लिहिलेलं असेल तर तो बार्बोनीच, अमेरिकन वाटावं म्हणून घेतलेलं नाव. कोलिझ्झी असेल तर खाली ठेवा.

आणि १९९५ चा 'सन्स ऑफ ट्रिनिटी' दिसला तर तो बार्बोनीचाच आहे, सिक्वेल म्हणून खरा आहे, पण त्यात हे दोघं नाहीत. मामांना देऊ नका, चिडतील.

वसंतकाका_दादर
पक्या, मामाला माझा नमस्कार सांग, माणूस दर्दी दिसतोय. आमच्या चाळीत व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभर तीन-तीन पिक्चर लावायचे तेव्हा हा ट्रिनिटीचा दुसरा भाग बघितलाय, त्यातला पत्त्यांचा सीन लागला की पोरं दोनदा रिवाइंड करायला लावायची. हिल आधी पत्ते असे काही पिसतो की समोरच्याचं तोंड उघडंच, आणि नंतर त्या जुगाऱ्यावर झटक्यात पिस्तूल रोखतो, परत ठेवतो आणि मध्ये एक सणसणीत कानफटात. त्या माणसाला कळतच नाही आधी काय झालं. गोळी एक नाही सुटत. पहिल्या भागात जो आळशीपणा होता तो इथे थेट धिंगाण्यापर्यंत गेलाय असं म्हणणारे आहेत, मला उलट दुसराच जास्त आवडतो.

कॅसेट मात्र घेऊ नकोस कोणी कितीही म्हटलं तरी. मुंबईच्या हवेत टेपला पांढरी बुरशी धरते, खिडकीतून बघितलंस तर रिळाच्या कडेला पावडरीसारखी दिसेल, तशी कॅसेट लावलीस तर व्हीसीआरचं हेड पण खराब आणि पुढच्या कॅसेटला पण लागण.

फ्रेम_बाय_फ्रेम
चौकोनी चित्राचं कारण सांगतो. हे पिक्चर रुंद शूट झालेत, साधारण २.३५ ला १. जुना टीव्ही ४ ला ३, म्हणून कॅसेटसाठी दोन्ही बाजू कापायचे आणि कोण बोलतंय तिकडे चौकट सरकवायचे. दुसऱ्या ट्रिनिटीत हे फार लागतं कारण विनोद सगळा दोघांच्या मधल्या अंतरात आहे. हॉटेलचा सीन घ्या, दोघं नवे कोरे सूट घालून पॉश ठिकाणी जेवायला बसलेत आणि हाताने ओरबाडून खातायत, रुंद फ्रेममध्ये एका कडेला स्पेन्सर, दुसऱ्या कडेला हिल आणि मध्ये वेटरचा चेहरा, हसू त्या चेहऱ्यावर येतं. कापलेल्या कॉपीत एकदा हा दिसतो एकदा तो, वेटर गेला. त्यामुळे डिस्क घेताना पहिलं बघायचं ते वाइडस्क्रीन आहे का, बाकी सगळं नंतर. अमेरिकेत ट्रिनिटीच्या नावाने स्वस्त डीव्हीडींचा सुळसुळाट होता, त्यातल्या बऱ्याच जुन्या कॅसेटवरूनच ओढलेल्या, त्या दहा सेंटला पण महाग.

लांबी वेगळी दिसली तर लगेच कापला असं समजू नका. पाल डीव्हीडीवर (पाल म्हणजे युरोपात आणि आपल्याकडे चालणारी टीव्हीची पद्धत) सेकंदाला २४ फ्रेमचा पिक्चर २५ ने पळतो, म्हणजे दोन तासांचा एकशे पंधरा मिनिटांत संपतो आणि आवाजाची पट्टी पण किंचित वर चढते. ब्लू-रेला सहसा ही भानगड नाही.

मस्का_पाव_लागलाय
इटालियनच बघा, ओरिजिनल ते ओरिजिनल. डब बघणाऱ्यांना काय बोलायचं.

सोडावॉटर_बाटली
@मस्का ओरिजिनल कशातलं भाऊ? त्या काळी इटलीत आवाज सगळा मागाहून भरायचे, सेटवरचा आवाज सहसा वापरत नसत. आणि गंमत म्हणजे हिल (खरं नाव मारिओ जिरोत्ती) आणि स्पेन्सर (कार्लो पेदेरसोली) दोघंही इटलीचेच, तरी इटालियन आवृत्तीत हिलला आवाज पिनो लोकीचा आणि स्पेन्सरला ग्लाउको ओनोरातोचा. इंग्लिश डबच्या नावाने बोटं मोडायची काही गरज नाही. मामांनी इंग्लिशमध्ये बघितला असेल तर त्यांच्यासाठी तोच खरा.

फक्त जर्मन डिस्कपासून सावध. तिकडे या जोडगोळीची क्रेझ प्रचंड, हा पिक्चर १९८२ मध्ये परत रिलीज करताना सगळे संवाद नव्याने, जास्त चावट करून डब केले, त्यामुळे तिथल्या डिस्कवर कधी दोन-दोन जर्मन ट्रॅक असतात आणि इंग्लिशचा पत्ता नसतो. भाषा वाचून ऑर्डर करा.

गिरगावचा_पक्या
क्लूचरचं नाव बघायची ट्रिक लई भारी. आता प्लेअरचं सांगा, घरी साधा डीव्हीडी प्लेअर आहे, ब्लू-रे मित्राकडून आणू शकतो.

फ्रेम_बाय_फ्रेम
डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल ते रीजनवर ठरतं. डीव्हीडीत आपला रीजन ५, अमेरिका १, युरोप २. साध्या प्लेअरला बहुतेक वेळा रिमोटवरून कोड टाकून रीजन काढता येतो, मॉडेलचं नाव टाकून शोध, नाहीतर लॅमिंग्टन रोडला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात कोणीतरी करून देईल. ब्लू-रेत आपण सी, अमेरिका ए, युरोप बी, आणि ते उघडणं तेवढं सोपं नाही, त्यामुळे मित्राच्या भरवशावर बी ची डिस्क आधी मागवून बसू नकोस. मागवायची तर रीजन-फ्री लिहिलेली बघ. कस्टमचे पैसे वेगळे लागू शकतात ते धरून चाल, आणि साठी महिन्याभरात असेल तर आजच ऑर्डर कर, पार्सल कधी कधी बरंच अडकून राहतं.

वसंतकाका_दादर
आणि सर्कसवाली फेकू नकोस. पिक्चर वाईट नाहीये, फक्त ट्रिनिटी नाही. मला दे, मी घेतो.