मदत हवी आहे: कातळाच्या जागेत काजूची कलमं लावायची आहेत

नमस्कार मंडळी. कुडाळजवळ आमची २० गुंठे वरकस जमीन आहे, उताराची, जांभ्याची. तिथे यंदा काजू लावायचा आहे. ७ बाय ७ मीटर अंतरावर साधारण ४० कलमं बसतात. पहिला पाऊस स्थिरावला की मुंबई-पुण्याहून मित्रमंडळी दोन दिवस राहायला येणार आहेत आणि लागवड सगळ्यांनी मिळून करायची आहे. खड्डे त्याआधी तयार हवेत.

अडचण खड्ड्यांचीच आहे. वरच्या अंगाला हातभर खणलं की पहार खणकन वाजते, खाली सलग कातळ. ६० सेंटिमीटरचा खड्डा तिथे होतच नाही. अशा जागी कुणी कातळ फोडून लावलाय का? की बाहेरची माती टाकून उंचवटा करावा? मुळं पुढे तग धरतात का, हे प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी सांगा.

दुसरं, जात. वेंगुर्ला-७ ची बी मोठी, सुमारे १० ग्रॅमची, म्हणून माझा ओढा तिकडे आहे. शेजारचे काका मात्र वेंगुर्ला-४ वर ठाम आहेत. दोन्ही मिसळून लावावीत का? मोहोरावर ढेकण्याचा (रस शोषणाऱ्या किडीचा) त्रास कुठल्या जातीवर कमी दिसतो?

मित्रांपैकी बहुतेकांनी कलम हातात धरलेलं नाही. पिशवी फाडताना मातीचा गोळा फुटू द्यायचा नाही, कलमाचा जोड मातीच्या वर ठेवायचा, जोडाखालची फूट काढत राहायची, एवढं मी सांगणारच आहे. आणखी काय सांगू? मोकाट गुरांसाठी स्वस्तातलं कुंपणही सुचवा.