मदत हवी आहे : जुन्या घराला चुन्याचा गिलावा करणारे गवंडी

नमस्कार मंडळी. ठाण्यात चरईत आमचं पणजोबांच्या वेळचं, इंग्रजी अमदानीतलं घर आहे. सागवानी खांब, मंगलोरी कौलं. खालच्या दोन खोल्यांत जुन्या वस्तू मांडून ते लोकांना बघायला खुलं करायचंय. १९१७ ते १९३४ या काळात मुंबईत आले की गांधीजी जिथे उतरत त्या मणिभवनातली त्यांची खोली पाहिली, तेव्हापासून हे मनात आहे.

अडचण भिंतींची. विटा चुन्यात बांधलेल्या, पण मागे वरून सिमेंटचा गिलावा केला गेला. आता ओल आत कोंडते, लोणा फुटतो, विटा भुगा होऊन गळतात. फार जीव तुटतो. सिमेंट काढून पुन्हा चुनाच लावायचाय. विटांची भुकटी घालून चुना मळणारे गवंडी ठाणे-कल्याणकडे कुणाच्या माहितीत आहेत का? चुना सावकाश सुकतो, म्हणून दिवाळीनंतर लगेच सुरू करावं का?